चार खणांची चौकट

तास संपला होता आणि फळा पुसायची पाळी नववीतल्या एका मुलाची होती. डस्टर हातात घेऊन तो फळ्यासमोर उभा राहिला, पण पुसेना. फळ्यावर मी नववीच्या विज्ञानातल्या आनुवंशिकतेच्या, सोळाव्या पाठातली चौकट काढली होती: आई सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, वडीलही वाहक, वरच्या बाजूला आईची दोन अक्षरे, डाव्या बाजूला वडिलांची दोन, आणि मध्ये त्यांच्या जुळणीचे चार खण. एका खणात एए, दोन खणांत एएस आणि शेवटच्या खणात एसएस. ए म्हणजे न बदललेले जनुक, एस म्हणजे सिकलसेलचे; दोन्ही एस आले तर आजार, एकच आला तर मूल आईवडिलांसारखे नुसते वाहक. "मॅडम, आमी चार भावंडं आहो," तो म्हणाला. "दादाले एसएस आहे. म्हणजे हा खालचा खण दादाचा झाला. आता वरचे तीन आमचे ना?" मी काही बोलण्याआधीच त्याने वाटणीही सांगून टाकली. तो स्वतः आणि त्याच्या पाठची बहीण एएस, आणि सगळ्यांत धाकटी, जी अजून अंगणवाडीत जाते, ती एए. चारांतला निर्धोक खण त्याने धाकटीला दिला होता. मी त्याला सांगितले की असे नसते. प्रत्येक बाळाच्या वेळी जुळणी नव्याने होते, आणि दादाच्या वाट्याला जे आले त्याचा धाकटीशी काही संबंध नाही. त्याने ते नीट ऐकून घेतले. मग फळ्याकडे बोट करून तो म्हणाला, "पण खण तर चारच आहेत." बाहेर एसटी लागली होती. त्याने फळा पुसला, दप्तर उचलले आणि धावत गेला.

ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

विचार करत गेले तसे जाणवत गेले की त्याचा निष्कर्ष बरोबर नसला तरी त्याचे वाचन अगदी प्रामाणिक होते. चौकट जशी दिसते तशी त्याने ती वाचली होती. रेजिनाल्ड पनेट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मांडणी रूढ केली, आणि तेव्हापासून जगभरच्या फळ्यांवर आनुवंशिकता याच चौकटीतून शिकवली जाते. तिच्यातले चार खण म्हणजे चार मुले नव्हेत. एकाच बाळापुढे असलेल्या, सारख्याच वजनाच्या चार शक्यता आहेत. हे वाक्य म्हणायला सोपे आहे, पण चित्र ते म्हणत नाही. चित्रात आईवडील वर आणि बाजूला आहेत, त्यांच्या पोटी चार खण आहेत, आणि चौघांचे नशीब वेगवेगळे आहे. ज्या मुलाच्या घरात चार भावंडे आहेत त्याने त्या खणांत भावंडांची नावे लिहिली तर दोष कोणाला द्यायचा? परीक्षेतही आपण त्याला हेच लिहायला लावतो. एकसंकर म्हणजे एकाच गुणाची चौकट काढा, दिसणाऱ्या गुणांचे प्रमाण ३:१ लिहा, जनुकांचे प्रमाण १:२:१ लिहा, पूर्ण गुण घ्या. हे प्रमाण कशाचे आहे, किती मोठ्या संख्येत ते उमटते आणि किती लहान संख्येत ते उमटेलच असे नाही, याला उत्तरपत्रिकेत जागा नसते. त्या मुलाला युनिट टेस्टमध्ये या प्रश्नाचे सगळे गुण मिळाले होते.

मी स्वतः हा पाठ शहरातल्या शाळेत शिकले. आमच्या बाई वाटाण्याच्या शेंगा घेऊन वर्गात येत, टेबलावर कागद पसरून त्या सोलत, आणि हिवाळ्यातल्या ओल्या वाटाण्याचा तो गोडसर हिरवा वास पुढच्या बाकांपर्यंत पोहोचत असे. गोल दाणे एका बाजूला, सुरकुतलेले दुसऱ्या बाजूला. आकृती पेन्सिलीनेच काढायची, नावे देणाऱ्या रेषा पट्टीने ओढायच्या आणि त्या एकमेकींना छेदता कामा नयेत, हा नियम मला आजही पाठ आहे. मला तो पाठ फार आवडायचा, कारण त्यात सगळे काही जुळत असे. जीवशास्त्रात इतर ठिकाणी नुसती नावे होती, तंतुकणिका आणि आंतर्द्रव्यजालिका आणि वृक्काणू. इथे मात्र गणितासारखे उत्तर निघायचे, आणि तेही सुबक. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटते की तो पाठ मला इतका निर्मळ आनंद देऊ शकला, कारण वर्गातल्या कोणाचेही त्या चौकटीत काही अडकलेले नव्हते. वाटाणा सुरकुतला काय आणि गोल राहिला काय, संध्याकाळी घरी जाताना कोणाच्या मनावर त्याचे ओझे नव्हते.

गडचिरोलीत शिकवायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते बदलले. डिसेंबरात इथे सकाळची थंडी हाडांत शिरणारी असते. धान कापून झालेल्या बांध्यांवर धुके बसलेले असते, आणि मुले सायकलींवरून येतात तेव्हा त्यांची बोटे हँडलला चिकटल्यासारखी आखडलेली असतात. प्रार्थनेला उभी असलेली दहावीतली एक मुलगी गुडघ्यांत वाकून खाली बसली. तिच्या मैत्रिणींना काय करायचे ते माहीत होते. एकीने तिची बाटली उघडून तिला पाणी पाजले, दुसरीने आपली शाल तिच्या पायांभोवती गुंडाळली, तिसरी शाळेच्या स्वयंपाकखोलीकडे गेली आणि चुलीजवळ तापलेली वीट फडक्यात बांधून घेऊन आली. मी विज्ञानाची पदवी घेतलेली शिक्षिका होते आणि त्या घोळक्यात सर्वांत कमी माहिती मलाच होती. "तिचे सांधे ठणकतात मॅडम, सिकलसेल आहे ना तिले," एकीने मला समजावून सांगितले. तांबड्या पेशी एरवी रक्तवाहिनीच्या अगदी अरुंद बोळातूनही मऊपणे वाकून पुढे सरकतात. एसएस असलेल्या माणसाच्या अंगात थंडी पडली, पाणी कमी पडले किंवा ताप आला की त्या ताठ होतात, विळ्याच्या आकाराच्या बनतात आणि वाट अडवून बसतात. पलीकडच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, आणि तिथून कळ सुरू होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते. वीट तापवायची असते हे ठाऊक नव्हते, आणि ते ज्या मुलींना ठाऊक होते त्यांच्या पुस्तकात त्या आजाराला जेमतेम काही ओळी होत्या.

हा आजार फक्त आदिवासींचा, असा समज बाहेर फार पसरलेला आहे. विदर्भात तो इतरही अनेक समाजांत आहे. तरीही माझ्या वर्गात, जिथे निम्म्याहून अधिक मुले घरी गोंडी बोलतात, त्याचे अस्तित्व कोणाला सांगावे लागत नाही. आरोग्य विभागाचे लोक शाळेत येतात, बोटाच्या टोकाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब एका नळीतल्या द्रावणात सोडतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रावणातून पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलसेल नाही. द्रावण गढूळ झाले आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढच्या तपासणीला जातो, कारण नुसत्या गढूळपणावरून वाहक आणि आजारी यांतला फरक कळत नाही. एवढी सोपी, एवढी स्वच्छ चाचणी माझ्या प्रयोगशाळेतल्या एकाही प्रयोगाशी ताडून पाहता येणार नाही. आमच्याकडे कांद्याच्या पापुद्र्याच्या काचपट्ट्या आहेत, आयोडीनची बाटली आहे, पानातला स्टार्च दाखवायला स्पिरिट आहे. पण या नळीमागे वाकून बघणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर जे असते ते कांद्याच्या पेशी बघताना कधी नसते. रेघा दिसल्या की खांदे खाली येतात. दिसल्या नाहीत की मूल आधी नळीकडे बघते, मग मैत्रिणीकडे, आणि मग दाराकडे.

तपासणीनंतर कार्डे मिळतात. वाहकाला पिवळे, आजारी असेल त्याला लाल. पिवळ्या कार्डाबद्दल मी दरवर्षी वर्गात एक गोष्ट मोठ्याने सांगते आणि तिच्या आड कुठलीही परीक्षा येऊ देत नाही: एएस म्हणजे आजार नव्हे. वाहक माणूस शेती करतो, धावतो, पोरे सांभाळतो, म्हातारा होतो. त्याच्याकडे एक बदललेले जनुक आहे आणि एक न बदललेले. न बदललेले जनुक आपले काम पार पाडते. फरक किती सूक्ष्म आहे हेही सांगते. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने असतात; त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बाकीची १४५ तशीच राहतात. हिमोग्लोबिनच्या रेणूतच फरक आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि तो नेमका एका अमिनो आम्लाचा आहे हे पुढच्या दशकात व्हर्नन इनग्राम यांनी शोधले. मुले वहीत १४६ चौकोन काढतात आणि सहावा रंगवतात. एका मुलीने विचारले होते, "एवढंसं बदललं तर एवढं दुखते?" मी हो म्हणाले. जीवशास्त्राचे इतके थेट उत्तर मला वर्गात फार क्वचित देता येते.

१९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन छापले, तेव्हा ज्याचे रक्त तपासले गेले होते तो मुलगा वॉल्टर क्लेमंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी होता. ही हकिगत मी सांगते, कारण पुस्तकातल्या 'रुग्ण' या शब्दामागे शिकायला घर सोडून गेलेला एक विशीतला मुलगा आहे हे माझ्या मुलांना कळावे असे मला वाटते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्यांना ते लगेच कळते. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: "मंग तो शिकला का पूर्ण?" शिकला. पदवी घेतली, आपल्या बेटावर परत गेला, तिथे दवाखाना चालवला. आणि वयाच्या ३२ व्या वर्षी न्यूमोनियाने गेला. हे शेवटचे वाक्य सांगावे की नाही याचा निर्णय मला अजूनही सोपा जात नाही. वर्गात लाल कार्डाची मुले असतात. पण मी ते सांगते, आणि लगेच पुढे हेही सांगते की त्या काळी ना प्रतिजैविके होती, ना रक्त चढवण्याची आजची सोय, ना या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी. त्याच्या आणि तुमच्या मधे शंभराहून अधिक वर्षांचे शास्त्र उभे आहे, आणि त्या शास्त्राचा हिशेब मांडणे हे माझ्या विषयाचेच काम आहे.

मलेरियाचा भाग मात्र मी आनंदाने शिकवते. महाराष्ट्रात मलेरिया म्हटले की आजही पहिले नाव याच जिल्ह्याचे निघते; माझी मुले मच्छरदाणीत झोपतात आणि तापाच्या गोळ्यांची चव त्यांना ठाऊक असते. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की ज्यांच्याकडे सिकलसेलचे एकच जनुक असते त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे जिथे शतकानुशतके डास आणि ताप होता, तिथे हे जनुक टिकून राहिले, कारण त्याने माणसे वाचवली. दोन जनुके एकत्र आली की मात्र तेच संरक्षण आजार होऊन बसते, आणि अशा मुलाला मलेरिया झाला तर तो अधिकच घातक ठरतो. नैसर्गिक निवड हा शब्द दहावीच्या पुस्तकात येतो तेव्हा तिथे दुसरे प्राणी, दुसरे देश असतात. मी त्याआधीच, नववीत, सिकलसेलच्या निमित्ताने तो शिकवून टाकते. पिवळे कार्ड दप्तराच्या तळाशी दडवून ठेवणाऱ्या मुलाला आपल्या रक्तात काही घाण आहे असे वाटत असते. तुझ्या पणजोबांच्या पणजोबांना ज्या जनुकाने तापातून तारले असेल तेच हे, असे त्याला सांगता येते, आणि ते सांगताना मला दिलासा देण्यासाठी काही रचावे लागत नाही.

तर प्रश्न चार खणांचा होता.

दुसऱ्या दिवशी मी वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या ग्रेगॉर मेंडेलच्या निबंधाकडे वळले. पाठ्यपुस्तकात त्याचे ३:१ इतके ठाम छापलेले असते की जणू प्रत्येक शेंगेत तीन गोल आणि एक सुरकुतलेला दाणा मोजून ठेवलेला असावा. १८६६ मध्ये छापलेल्या त्याच्या मूळ निबंधात मात्र तो स्वतः असे म्हणत नाही. २५३ रोपांपासून त्याला ७३२४ दाणे मिळाले. त्यांत ५४७४ गोल होते आणि १८५० सुरकुतलेले. भागाकार केला तर २.९६ येतो. त्याच निबंधात त्याने पहिल्या दहा रोपांचे वेगवेगळे आकडेही दिले आहेत. पहिल्या रोपावर ४५ गोल आणि १२ सुरकुतलेले, चौथ्यावर १९ आणि १०. आणि टोकाची उदाहरणे म्हणून त्याने दोन रोपे नोंदवली: एकावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि तब्बल १५ सुरकुतलेले. हे दोन आकडे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि मुलांना म्हटले की प्रत्येक रोप म्हणजे एक घर समजा. वर्ग काही क्षण आकडे वाचत राहिला. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "पंधरावाल्याची काय चूक?" मला वाटते की त्या पाठात विचारण्यासारखा याहून नेमका प्रश्न नाही. त्याची काहीच चूक नाही, आणि दोनवाल्याचे काही पुण्यही नाही. मेंडेलने एकेका रोपाचे आकडेही मांडले म्हणून ते आपल्याला कळते. आपण पुस्तकात फक्त बेरीज ठेवली आणि घरे पुसून टाकली.

मग आम्ही टाकून पाहायचे ठरवले. मुलांनी आधी चिंचोके आणले. अष्टचंग खेळताना चिंचोका फोडून त्याची दोन दळे करतात, एक बाजू काळी आणि एक पांढरी, आणि ती फाशासारखी टाकतात; इथल्या प्रत्येक मुलाच्या हाताला त्याची सवय आहे. काळी बाजू म्हणजे ए, पांढरी म्हणजे एस. पण थोड्याच वेळात एका मुलाने हरकत घेतली की हे बरोबर नाही, दळाची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असल्याने ते दोन्ही बाजूंवर सारखे पडत नाही. त्याने दळ पुन्हा पुन्हा टाकून दाखवले आणि तो खरा ठरला. म्हणून आम्ही रुपयाची नाणी घेतली. दोन-दोन मुलांच्या जोड्या केल्या, एकाचे नाणे आईचे, एकाचे वडिलांचे. दोघांनी एकदम उडवायचे, छाप म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोन्ही काटे पडले तर बाळ एसएस. प्रत्येक जोडीने चार बाळांची नोंद करायची. वर्गात नाण्यांचा खणखणाट, बाकांखाली शिरणारी मुले, "मॅडम, ते दाराखाली गेलं" असा गलका. पाच-सहा घरांत एकही एसएस नव्हते. बऱ्याच घरांत एक होते. आणि एका जोडीच्या घरात तीन. ती मुलगी वही माझ्यासमोर धरून म्हणाली, "मॅडम, आमी परत टाकू का?" मी नाही म्हणाले. परत टाकता येत नाही, जे पडले ते लिहायचे. तिने ते लिहिले, पण पेन्सिल फार दाबून लिहिले. सगळ्या घरांची बेरीज केली तेव्हा ८० बाळांत १९ एसएस निघाली, जवळपास चौथा हिस्सा. बेरीज बरोबर आली म्हणून काही मुलांनी टाळ्या वाजवल्या. तीनवाल्या घराने वाजवल्या नाहीत.

फळा पुसणाऱ्या त्या मुलाला मी त्या दिवशी थांबवून घेतले आणि आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. दोन्ही पालक वाहक असलेली आणि चार मुलांची २५६ घरे कल्पिली, तर त्यांतल्या सरासरी ८१ घरांत एकही मूल आजारी नसेल. १०८ घरांत एक असेल, ५४ घरांत दोन, १२ घरांत तीन, आणि एका घरात चौघेही. त्याने हे आकडे स्वतः गुणून काढले, एकदा चुकला, पुन्हा केले. चौकटीत दिसणारे "चारांत एक" हे घर सर्वांत अधिक वेळा येते, पण तरीही निम्म्याहून कमीच वेळा. तो बराच वेळ ८१ या आकड्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या धाकटीचं नाणं अजून माहीत नाही." मी म्हणाले, नाणे पडलेले आहे, फक्त पाहायचे राहिले आहे, आणि पाहिलेले बरे असते, कारण लवकर कळले तर फॉलिक ॲसिड, पाणी, लसी, ताप आल्याबरोबर दवाखाना हे सगळे वेळेवर सुरू करता येते. त्याच्या घरच्यांनी पुढे काय केले ते मी त्याला विचारलेले नाही आणि विचारणार नाही. हे मी नियम म्हणून पाळते. कोणाचे कार्ड कोणते, हे वर्गात कोणाला विचारायचे नाही, हात वर करायला लावायचे नाही, आणि घरच्यांच्या गुणांचा तक्ता बनवून आणा असा गृहपाठ द्यायचा नाही.

त्या गृहपाठाविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तो अजूनही पुष्कळ शाळांत दिला जातो. आईवडिलांची जीभ नळीसारखी वळते का, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली, हे पाहून या आणि प्रभावी-अप्रभावी ठरवा. जीभ वळवण्याचा गुण एका जनुकाने ठरतो असे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या मोठ्या शास्त्रज्ञाने १९४० मध्ये सुचवले होते. १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात काही जोड्यांतल्या एकाची जीभ वळे आणि दुसऱ्याची वळत नसे, आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच आपले म्हणणे सोडून दिले. कानाच्या पाळीमागेही एक नव्हे, अनेक जनुके आहेत. तरीही हे तक्ते चालू आहेत. दोन्ही पालकांची जीभ वळत नाही आणि आपली वळते, हे पाहून एखादे चौदा वर्षांचे मूल रात्री कसला विचार करत पडेल, याचा आपण विचार करत नाही. शिवाय ज्याची आई नाही, ज्याचे वडील तेलंगणात मिरची तोडायला गेले आहेत आणि महिनोन्महिने घरी येत नाहीत, त्याने कोणाची जीभ पाहायची? शरीराविषयी शिकवताना वर्गात शरीरे बसलेली असतात, घरे बसलेली असतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला याची एवढी काळजी करावी लागत नसेल.

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिले आहे की वाहक-वाहक विवाह टाळा. गणित म्हणून ते बरोबर आहे. वाहकाने न-वाहकाशी लग्न केले तर एकही मूल एसएस होणार नाही, ही चौकट मुले स्वतः काढून दाखवतात आणि तेव्हा त्यांना बरे वाटते. पण ती भिंत मुलींना जेवढी दिसते तेवढी मुलांना दिसत नाही, हेही मी पाहिले आहे. माझी एक माजी विद्यार्थिनी स्थळ पाहायला आले तेव्हा आपले पिवळे कार्ड घेऊन बाहेर आली आणि मुलालाही तपासून घ्या म्हणाली. ते लोक चहा पिऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. तिने हे मला सांगितले तेव्हा तिच्या बोलण्यात रागापेक्षा नवल अधिक होते, कारण मुलाने तपासणी करून घेतली असती आणि तो वाहक नसता तर काहीच अडचण नव्हती. तिला चौकट नीट येत होती. त्यांना येत नव्हती, आणि शिकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. आजारी मूल झाले की आजही घरोघरी बोट सुनेच्या माहेराकडेच जाते. एसएस मुलात एक एस आईचा असतो आणि एक वडिलांचा, दोघांपैकी एकाच्याने ते होत नाही, हे फळ्यावर इतके उघड असूनही ते फळ्यावरच राहते. भिंतीवर "टाळा" लिहिण्याला माझा विरोध नाही. पण "तपासा" हे त्याच्या आधी आणि दोघांसाठी लिहिलेले असावे, आणि दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गर्भाची तपासणी उपलब्ध असते, बाळाचे निदान जन्मतः करता येते, हेही कुठेतरी लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे लक्ष्य आहे. माझ्या वर्गात आज जी मुले आहेत ती २०४७ मध्ये चाळिशीकडे झुकलेली असतील, त्यांची स्वतःची मुले नववी-दहावीत असतील. या मोहिमेतल्या सगळ्या गोष्टी, सुया, नळ्या, कार्डे, गोळ्या, आरोग्य विभाग पुरवील. पण एका पंचवीस टक्क्यांचा अर्थ काय हे मुलांना आम्हीच सांगायचे आहे, आणि त्यासाठीची आमची व्यवस्था उलटी आहे. आनुवंशिकतेचा पाठ नववीच्या विज्ञानात आहे. संभाव्यता दहावीच्या गणितात आहे. म्हणजे मूल आधी "चौथा हिस्सा" पाठ करते आणि चौथ्या हिश्श्याची शक्यता म्हणजे काय हे वर्षभराने शिकते, तेही पत्ते आणि फाशांच्या उदाहरणांतून, तोवर सिकलसेलची चौकट त्याच्या मनातून निघून गेलेली असते. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी व्यवस्थित आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ कोणी घालून दिलेली नाही.

गेल्या चाचणीत मी एक प्रश्न घातला. आईवडील दोघेही वाहक, पहिली तीन मुले निरोगी. चौथ्या मुलाला आजार असण्याची शक्यता किती, आणि का? काहींनी लिहिले की आता नक्की होणार, कारण चौथा खण उरला आहे. पुष्कळांनी चौथा हिस्सा असे बरोबर लिहिले आणि कारणाच्या जागी चौकट काढली. एका मुलीने चौकट काढलीच नाही, तिने लिहिले, "चौथ्या बाळाला आधीच्या तिघांचे काय झाले ते माहीत नसते, म्हणून चौथा हिस्सा." नमुना उत्तरात असे काही नव्हते. मी तिला पूर्ण गुण दिले आणि तिचे वाक्य, तिचे नाव न घेता, दोन्ही तुकड्यांत वाचून दाखवले.

यंदा सोळावा पाठ मी फेब्रुवारीपर्यंत थांबवणार नाही. तो नोव्हेंबरात, थंडी पडण्याआधी आणि तपासणीचे पथक शाळेत येण्याआधी घ्यायचा, असा बदल वार्षिक नियोजनात करून घेतला आहे. गणिताच्या सरांनी त्याच्या आधीच्या आठवड्यात संभाव्यतेचे दोन तास नववीला द्यायचे कबूल केले आहे. दहावीचा भाग नववीत कशाला, असे त्यांनी आधी विचारले होते, तेव्हा मी त्यांना २५६ घरांचा हिशेब दाखवला. फळ्यावरची चौकटही आता वेगळी काढायचे ठरवले आहे. चार खण तेच, पण डोक्यावर "एक बाळ" असे लिहून, आणि प्रत्येक भावंडासाठी नवी चौकट, पहिल्या चौकटीपासून दूर, फळ्याच्या दुसऱ्या टोकाला. आमचा फळा लहान आहे, चार चौकटी त्यावर मावत नाहीत. शेजारच्या भिंतीचा एक भाग काळा रंगवून द्यावा असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे, आणि रंगाचा डबा सोमवारी येणार आहे.